माणसं कामावर काहून टिकतात आणि काहून सोडतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना), दालमिल, राइस मिल, पतसंस्था, मायक्रोफायनान्सची (छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीची) ब्रांच, खाजगी शाळा, तालुक्याचं हॉस्पिटल, अशा ठिकाणी काम देणारे आणि काम करणारे दोघंही मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथं एकत्र टाकतोय. माझं काम भरतीचं आणि पगारपत्रकाचं, तेही वर्धा-यवतमाळ पट्ट्यात, म्हणून उदाहरणं इकडचीच जास्त येतील. मालकांचे प्रश्न वेगळे आणि कामगारांचे वेगळे असं केलेलं नाही, दोघांनीही सगळं वाचावं अशी इच्छा आहे.

वर्क कल्चर म्हणजे नेमकं काय? हे मोठ्या कंपन्यांचं असते ना, आपल्या तालुक्यात कुठं आलं?

जिथं चार माणसं एका टिनाखाली काम करतात तिथं कल्चर असतंच. पगार ७ तारखेला होतो का २० ला, चूक झाली की आधी "कसं झालं" विचारतात का "कोणी केलं", बापाच्या वयाच्या हेल्परला काका म्हणतात का "ए", मालकाचा पुतण्या उशिरा आला तर त्याचा खाडा लागतो का, पाण्याच्या कॅनजवळ जायला कोणाला संकोच वाटतो, हे सगळं म्हणजे कल्चर. नवीन लागलेला पोरगा पहिल्या आठवड्यातच हे शिकून घेतो, त्याला कोणी सांगावं लागत नाही.

आणि आपल्या भागाला ही गोष्ट जुनीच माहीत आहे. सालगडी ठेवायची पद्धत बघा. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला माणूस मोकळा. सालाचे पैसे, वर ठरलेली ज्वारी, गावात जवळपास सगळीकडे सारखीच असायची, तरी अख्ख्या गावाला माहीत असायचं की अमक्याच्या घरी सालदार दुसरं साल धरत नाही आणि तमक्याकडे एकच माणूस वर्षानुवर्षं आहे, त्याच्या पोरीच्या लग्नात मालकीण स्वतः उभी होती. त्याला कल्चर हे नाव तेव्हा नव्हतं एवढंच.

पगार वाढवला तरी पोट्टे सोडून जातात, काहून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा खरंच वैतागलेला असतो, त्यामुळं नीट सांगतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना कामात कधी बरं वाटलं, कधी वाईट वाटलं असं विचारून १९५९ साली त्याचे निष्कर्ष मांडले. त्याला दिसलं की ज्या गोष्टींनी माणूस वैतागतो त्या वेगळ्या आणि ज्यांनी कामात जीव लागतो त्या वेगळ्या. पगार, नियम, साहेबाची वागणूक, कामाची जागा या गोष्टी वाईट असल्या की माणूस त्रासतो, पण त्या सुधारल्या म्हणून कामावर प्रेम बसेलच असं नाही, ते बसतं काम जमल्याचं समाधान, कोणीतरी दखल घेणं आणि अंगावर जबाबदारी मिळणं यातून. आता तुम्ही ५०० रुपये वाढवले आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, रोज सकाळी गेटवर तोच अपमान, तर ते ५०० रुपये दोन महिन्यांत त्याच्या हिशोबात मुरून जातात, अपमान मात्र रोजचा ताजा राहतो.

अलीकडचं बघायचं तर २०२२ च्या जानेवारीत डोनाल्ड सल या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा अभ्यास मांडला. कोविडनंतर तिकडे लोक धडाधड नोकऱ्या सोडत होते तो काळ. कोणती कंपनी जास्त माणसं गमावणार याचा अंदाज बांधताना विषारी वातावरण हे कारण पगारापेक्षा १०.४ पट जास्त जोरकस निघालं, आणि विषारी म्हणजे काय तर माणसाला मान न देणं, काही लोकांना बाजूला ठेवणं आणि अप्रामाणिक कारभार. तो आकडा उचलून हिंगणघाटच्या जिनिंगला लावता येत नाही हे मलाही कळतं, पण दिशा तीच आहे, आमच्या रजिस्टरमध्येही तीच दिसते.

म्हणजे पगाराला महत्त्व नाही?

असं अजिबात म्हणत नाहीये. किमान वेतनाच्या खाली पैसे देऊन वर "आम्ही घरच्यासारखं ठेवतो" म्हणणाऱ्यांनी या पानाचा आधार घेऊ नये. ज्याच्या घरी किराण्याची उधारी आहे त्याच्यासाठी पगार हाच पहिला प्रश्न, आणि रकमेइतकीच तारीख महत्त्वाची. बचत गटाचा हप्ता, पोराची फी, दवाखाना सगळं तारखेला बांधलेलं असतं. कायद्यानं महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. जो मालक तीन महिने लागोपाठ तारीख चुकवतो त्याच्याकडचे चांगले कारागीर चौथ्या महिन्यात फोन फिरवायला लागतात, कारण त्यांना दुसरीकडे काम मिळतं, आणि ज्यांना मिळत नाही ते उरतात.

आमच्याकडे दहा-दहा वर्षांची माणसं आहेत. म्हणजे आमचं वातावरण चांगलं, बरोबर ना?

नाही, एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. मला या सगळ्यात एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही की टिकला म्हणजे खूश आहे असं होत नाही, निदान आपल्या खेड्यांत तरी नाही.

टेरेन्स मिचेल, थॉमस ली हे संशोधक आणि त्यांच्या सोबत्यांनी २००१ मध्ये एक वेगळा विचार मांडला. लोक सोडतात काहून हे सगळेच विचारतात, त्यांनी विचारलं की राहतात काहून. त्यांच्या मते माणूस तीन धाग्यांनी बांधलेला असतो, एक म्हणजे त्याची नाती, दुसरं त्या जागेशी असलेला मेळ आणि तिसरं म्हणजे सोडलं तर काय काय गमवावं लागेल. आणि हे धागे कामाच्या जागेचेही असतात आणि गावाचेही. आता आपल्याकडचा माणूस घ्या. तीन एकर वावर, म्हातारी माय, पोरगं जिल्हा परिषदेच्या शाळेत, बायको अंगणवाडीत मदतनीस, घरकुल अर्धं बांधलेलं. हा माणूस तुमच्या दालमिलमध्ये बारा वर्षं आहे तो यामुळं आहे. तुमच्यामुळंही असेल, पण ते त्याला विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

याचा तोटा मालकालाच होतो हे लक्षात घ्या. मनानं निघून गेलेला आणि शरीरानं हजर असलेला माणूस पोत्याला भोक पडलेलं दिसलं तरी बोलत नाही, पट्टा घासतोय हे ऐकू आलं तरी बोलत नाही, नवीन पोराला शिकवत नाही. हजेरीपटावर त्याचा एकही खाडा नसतो.

माणूस सोडायच्या विचारात आहे हे आधी कळतं का?

बहुतेक वेळा कळतं, पण आपण उलटीकडे बघत असतो. जो कटकट करतो तो जाणार असं मालकाला वाटतं. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्येच मांडलंय की बिघडलेल्या ठिकाणी माणसापुढं दोन वाटा असतात, बोलायचं नाहीतर निघायचं. बोलणाऱ्याला अजून आशा असते. तो बोलायचा थांबला की घाबरायचं.

एका जिनिंगमधलं डोळ्यासमोरचं सांगतो. हंगाम भर जोरात, रेचे (सरकी काढायची यंत्रं) रात्रंदिवस चालू, उडालेल्या रुईनं सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. एक ऑपरेटर पोरगा, तोंडाला दुपट्टा बांधलेला, सुपरवायझरजवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, त्या कोपऱ्यातल्या रेच्याचा आवाज बदलून रायला, बेअरिंग पाहून घ्या न." सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला, "तू इंजिनिअर झाला का बे? आपलं काम कर गुपचूप." दोन-चार जण हसले. पोरगा काही बोलला नाही, दुपट्टा वर ओढला आणि गेला. त्यानंतर तो अगदी वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, ओव्हरटाइमला नाही म्हणायचा, आणि संक्रांत झाल्यावर हिशोब मागायला टेबलासमोर उभा. फॉर्मवर कारण लिहिलं, घरगुती. आमच्याकडे असे कितीतरी फॉर्म आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर घरगुती कारणच लिहिलेलं आहे.

मिचेल-ली याच जोडीनं १९९४ मध्ये हेही मांडलं होतं की पुष्कळ लोक हळूहळू नाराज होऊन सोडत नाहीत तर एखादा झटका बसतो आणि तिथून विचार सुरू होतो. तो झटका मालकाच्या नजरेत दोन सेकंदाची गोष्ट असते.

शिव्या देणारा सुपरवायझर आहे, पण काम जबरदस्त काढून घेतो. ठेवावा का?

आधी हिशोब करा. त्याच्या पाळीतून वर्षभरात किती माणसं गेली आणि दुसऱ्या पाळीतून किती गेली, दोन आकडे शेजारी लिहा. गॅलप या सर्वेक्षण करणाऱ्या अमेरिकन संस्थेनं २०१५ मध्ये मांडलं होतं की एकाच कंपनीतल्या टीम-टीममध्ये कामात जीव लागण्याचा जो फरक दिसतो त्याचा किमान ७० टक्के भाग मॅनेजरमुळं असतो. मालक चांगला, पण मजुराची गाठ रोज सुपरवायझरशी पडते, त्याच्यासाठी कंपनी म्हणजे तोच.

आणि जिनिंगमध्ये तर हा जिवाचा प्रश्न आहे. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा रेच्यात आपटला की ठिणगी पडते, गरम झालेल्या बेअरिंगनंही आग लागते, आणि कापूस पेटला की विचार करायला वेळ मिळत नाही. हे सगळ्यात आधी कळतं ते यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला. एमी एडमंडसन या संशोधक बाईनं १९९९ मध्ये ज्याला मानसिक सुरक्षितता म्हटलं ते नेमकं हेच, की मी बोललो तर माझा अपमान होणार नाही याची खात्री. ज्या पोराला आवाज बदलला सांगितल्यावर झापलं तो पुढच्या वेळी सांगेल का? आणि त्याच्या शेजारचा?

काढून टाका असं मी लगेच म्हणत नाही. कितीतरी सुपरवायझर स्वतः असेच झापून घेत वर आलेले असतात, त्यांना दुसरी पद्धत कोणी दाखवलेलीच नसते. बाजूला घेऊन स्पष्ट सांगा, एक हंगाम बघा. नाही सुधारला तर मात्र त्याला माणसांवर ठेवू नका, यंत्रावर ठेवा.

पेरणी, पोळा, तेरवी, लग्नं... इतक्या सुट्ट्या दिल्या तर कारखाना चालेल कसा?

सांगून घेतलेल्या सुट्टीनं कारखाना बंद पडत नाही, न सांगता मारलेल्या खाड्यानं पाळी कोलमडते. आपल्याकडे अर्ध्या कामगारांचं वावर आहे. मृग लागून पाऊस झाला की पेरणी थांबत नाही, ऑक्टोबरात सोयाबीन उभं राहिलं तर शेंगा फुटतात, त्यावेळी तुम्ही सुट्टी नाकारा की द्या, माणूस जाणारच. मग तो खोटं बोलून जातो, मेलेली आजी पुन्हा एकदा मरते, आणि परत आल्यावर तोंड लपवतो, त्यापेक्षा दुसरीकडे काम धरतो. याउलट काही ठिकाणी मे महिन्यातच वही फिरवतात, कोणाला पेरणीचे कोणते दिवस लागतील ते ज्याचं त्यानं लिहायचं, आपसात अदलाबदल करायची, आणि तिथं जूनमध्ये माणसं कमी पडत नाहीत. कायद्यानं कारखान्यात २० दिवस कामामागं १ दिवस भरपगारी रजा तशीही बसते, ती मेहेरबानी म्हणून देऊ नका.

तेरवीचं वेगळं सांगतो. घरात मयत झाल्यावर "किती दिवस लागतील?" हा पहिला प्रश्न विचारू नका. मालक किंवा मुनीमजी घरी जाऊन पाच मिनिटं बसून आले तर त्या घरातला माणूस ते आयुष्यभर विसरत नाही, आणि कोणीच नाही गेलं तर तेही विसरत नाही.

आमच्याकडे बाया टिकत नाहीत. लग्न झालं की सोडतात, त्याला आम्ही काय करणार?

लग्न हे फॉर्मवरचं कारण आहे. थोडं खोदून विचारलं की बाकीची कारणं निघतात. संडास नाही, किंवा आहे पण कडी नाही. सुट्टी होते ६ वाजता आणि गावाकडची शेवटची एसटी जाते साडेपाचला. वजनकाट्यावरचा माणूस उगाच अंगाला अंग लावतो. ही तीन कारणं तर मला सारखी ऐकायला मिळतात. पहिल्याला एक मिस्त्री आणि थोडं सिमेंट लागतं, दुसऱ्याला शिफ्टची वेळ तासाभरानं अलीकडे घ्यावी लागते.

तिसऱ्यासाठी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. १० किंवा जास्त माणसं असतील तिथं मालकाला अंतर्गत समिती नेमावीच लागते, आणि १० पेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची. ताई, हे तुमच्यासाठी लिहितोय, सोडून द्यायच्या आधी निदान एवढं माहीत असू द्या.

मी मायक्रोफायनान्समध्ये फील्डवर आहे. पगार ठीक आहे पण रोज सकाळी जीव नको होतो. माझंच काही चुकतंय का?

नाही दादा, तुझं चुकत नाहीये. माझ्याकडे येणाऱ्या पदवीधर पोरांमध्ये अशी कितीतरी आहेत. टार्गेट वरून येतं, आणि हप्ता थकला की वसुली होईपर्यंत कर्ज घेतलेल्या बाईच्या दारातून हलायचं नाही असं सांगितलं जातं, आणि ती बाई निघते आपल्याच मावशीच्या शेजारची, वावरात बोंडअळीनं काही उरलेलं नाही हे त्या पोरालाही दिसत असतं. दुसऱ्या राज्यातून बदलून आलेल्या ऑफिसरला संध्याकाळी त्या गल्लीतून जायचं नसतं, याला जायचं असतं. मनाला न पटणारं काम रोज करावं लागणं हे थकव्याचं फार मोठं कारण आहे आणि याला इन्सेन्टिव्हचा उपाय चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणं वसुलीसाठी धमकावणं, अपमान करणं, सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करणं चालत नाही. तुझा मॅनेजर हे पाळत असेल आणि तरी जमत नसेल तर दुसऱ्या खात्यात बदली माग. पाळत नसेल तर दुसरं काम शोध, यात कमीपणा काही नाही.

जातीचा विषय कामाच्या ठिकाणी काढावा का?

तो आधीच निघालेला असतो, फक्त मोठ्यानं बोलत नाहीत. डबा खायला कोण कोणाजवळ बसतं, झाडूपोछा नेहमी कोणाच्याच वाट्याला येतो, पोळ्याची सुट्टी न मागता मिळते पण दीक्षाभूमीला जायला १४ ऑक्टोबरची किंवा दसऱ्याची सुट्टी मागितली की तोंड वाकडं होतं, हे ज्याच्या वाट्याला येतं त्याला बरोबर कळतं. विदर्भात नोकरी सोडण्याचं हे एक मोठं आणि कुठंच न लिहिलं जाणारं कारण आहे. मालकानं याबाबत मधली भूमिका घेऊ नये. पाणी एक, जेवायची जागा एक, सुट्टीचा नियम एक, आणि कोणी टोमणा मारला तर त्याच दिवशी सगळ्यांदेखत टोकायचं.

बाहेरून येणारे मजूर, बिहार-ओडिशाचे, ते तर हंगामापुरतेच असतात. त्यांचं कशाला बघायचं?

कारण पुढच्या हंगामाला तोच गट परत येतो का नवीन, यावर तुमचे पहिले पंधरा दिवस ठरतात. राहायला पक्की खोली, पाणी, संडास, आणि पैसे ठेकेदाराच्या हातात न देता थेट त्यांच्या खात्यात, एवढं केलं की ते परत येतात.

पुण्याला जाऊ का? चाकणला मित्र आहे, तिकडे जास्त देतात.

जायचं तर जा, तुझ्या वयात बाहेर बघणं चांगलंच आहे. पण रकमेची तुलना करू नकोस, महिन्याच्या शेवटी हातात काय उरतं त्याची कर. खोलीभाडं, मेस, सणावाराला ट्रॅव्हल्सचं तिकीट, आणि तिथलं काम कंपनीच्या रोलवर आहे का ठेकेदाराच्या, हे मित्राला स्पष्ट विचार. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. तुला इथलं काम नको आहे, इथला साहेब नको आहे, का हे गावच नको आहे? साहेब नको असेल तर आपल्याच भागातले बुटीबोरी, देवळी, गडचांदूर हेही पर्याय आहेत, सहा-सातशे किलोमीटर जायची गरज नसते. आणि तिथला साहेब कसा आहे हे तिथं सध्या काम करणाऱ्याला विचारू नकोस, जो सोडून आलाय त्याला विचार.

सोडायचं पक्कं झालं. काय सांभाळू?

भांडून निघू नकोस, हिशोब घेऊन निघ. राजीनामा लेखी दे, पोच घे. २०२५ च्या नोव्हेंबरपासून नवीन लेबर कोड (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले कायदे) लागू झालेत, त्याप्रमाणं सोडल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. पीएफ काढून घ्यायची घाई करू नको, यूएएन नंबर (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) तोच राहतो, पैसे नवीन ठिकाणी ट्रान्सफर होतात, आणि पेन्शनसाठी १० वर्षं भरावी लागतात ती तुटक-तुटक नोकऱ्यांचीही जोडली जातात.

ग्रॅच्युइटीचं (बरीच वर्षं काम केल्याबद्दल सोडताना मिळणाऱ्या रकमेचं) नीट बघ, कारण इथं बरेच जण थोडक्यात हुकतात. कायम कामगाराला सलग ५ वर्षं लागतात, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असशील तर नवीन कोडप्रमाणं एका वर्षावरही हक्क लागतो. हिशोब सोपा आहे, शेवटचा महिन्याचा बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. १३,००० असेल तर वर्षाला ७,५०० पडतात, ५ वर्षांचे ३७,५००. साडेचार वर्षं झालेली असतील तर रागाच्या भरात निघायच्या आधी कॅलेंडर बघ.

मूळ मार्कशीट आणि टीसी कोणाकडेही जमा ठेवायच्या नाहीत. काही शाळा-कॉलेजांत आणि दवाखान्यांत नेमणुकीच्या वेळी मागून ठेवतात आणि सोडताना अडवतात. दाखवायच्या मूळ, द्यायची झेरॉक्स.

सोडून गेलेला माणूस परत येतो म्हणतोय. घ्यावा का?

चोरी किंवा मारामारी करून गेला नसेल तर घ्यावा. त्याला काम येतं, इथली माणसं माहीत आहेत, आणि बाहेरचं बघून आलाय. फक्त घ्यायच्या आधी चहा मागवून त्याला निवांत विचारा की तेव्हा गेला काहून, आता तो खरं सांगतो, कारण आता त्याला घरगुती कारण लिहायची गरज उरलेली नसते. जे सांगेल ते दुरुस्त होण्यासारखं असेल तर दुरुस्त करा, नाहीतर तो पुन्हा जाईल. आणि त्याचा पगार ठरवायच्या आधी त्याच्याच बरोबरीचा जो इथंच राहिला त्याचा पगार वहीत उघडून बघा, परत आलेल्याला जास्त द्यायचं असेल तर राहिलेल्याचाही त्याच महिन्यापासून वाढवा, कारण दिवाळीच्या आत ते दोन्ही आकडे सगळ्यांना कळलेले असतात.